पांझरेकाठच्या शाळा-इमारतीचे परीक्षण : सात उन्हाळ्यांनंतर

आमच्या माध्यमिक शाळेची नवी इमारत जून 2018 मध्ये वापरात आली. तेव्हापासून 2025 पर्यंत सात उन्हाळे गेले, आणि त्यांतले 2020 व 2021 चे दोन उन्हाळे शाळा बंद असल्यामुळे इमारतीने एकटीने काढले. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी, काळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या या इमारतीचे आराखडे खानदेशाबाहेरच्या एका वास्तुविशारद कार्यालयाने केले आणि बांधकामावरची देखरेखही त्यांनीच केली. मी शाळेत विज्ञान शिकवतो. संस्थेच्या इमारत समितीचा सदस्य या नात्याने पहिल्या बैठकीपासून गेल्या महिन्याच्या वीजबिलापर्यंत सारे काही माझ्या डोळ्यांखालून गेले आहे. आपल्या भागातील बऱ्याच संस्था सध्या पर्यावरणपूरक इमारतीचा विचार करत आहेत, आणि चौकशीला गेल्यावर त्यांना उद्घाटनाच्या आठवड्यात काढलेली छायाचित्रे दाखवली जातात. त्यानंतर त्या इमारतीत काय घडले, हे सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून हे परीक्षण लिहीत आहे. कार्यालयाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या उणिवांपैकी काहींना आमची समितीही तितकीच जबाबदार आहे.

आधी जुनी इमारत कशी होती ते सांगितले पाहिजे. पत्र्याचे छप्पर, पश्चिमेकडे तोंड केलेले सलग आठ वर्ग आणि समोर उघडे मैदान, अशी ती होती. मार्च उजाडला की दुपारनंतर त्या वर्गांत शिकवणे म्हणजे मुलांना शिक्षा देणे वाटत असे. प्रयोगशाळेतला तापमापक मी एकदा वर्गात आणि एकदा मैदानातल्या निंबाखाली टांगून पाहिला होता. निंबाखालचा पारा वर्गातल्या पाऱ्यापेक्षा खाली होता. त्या दिवसापासून निंबाखाली वर्ग भरू लागले. त्यामुळे नव्या इमारतीची चर्चा सुरू झाली, तेव्हा आमची मागणी साधी होती : कूलर किंवा वातानुकूलन यंत्र न लावता एप्रिलमध्ये मुले वर्गात बसू शकली पाहिजेत.

कार्यालयाच्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे इमारतीची दिशा. जागा लांबट होती आणि रस्त्याकडे तोंड करून बांधायचे, असा आमचा आग्रह होता. तसे केले असते, तर सगळे वर्ग पुन्हा पश्चिमेचे ऊन खात बसले असते. त्यांनी इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवली, वर्गांच्या खिडक्या उत्तर व दक्षिण या बाजूंना दिल्या आणि पश्चिमेच्या टोकाला जिना, स्वच्छतागृहे व सामानाची खोली यांची ओळ घातली. दुपारचे ऊन या तीन खोल्या झेलतात आणि त्यांच्या आडचे वर्ग वाचतात. हा निर्णय कागदावर एका रेषेचा, त्यासाठी एक रुपयाही जास्त लागला नाही, आणि पुढे कोणी कितीही हेळसांड केली, तरी तो बिघडू शकत नाही. मला विचाराल, तर त्यांच्या शुल्काचा निम्मा मोबदला या एका रेषेत वसूल झाला.

दक्षिणेच्या खिडक्यांवरील छज्जेही असेच विचारपूर्वक ठरवले होते, आणि त्याचे गणित मी दरवर्षी नववीच्या मुलांकडून करून घेतो. धुळ्याचा अक्षांश 21 अंशांच्या जरासा आत आहे. त्यामुळे 22 डिसेंबरच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून साधारण साडेपंचेचाळीस अंशांवर असतो, तर एप्रिलच्या मध्यावर तो एकोणऐंशी अंशांवर, म्हणजे जवळजवळ डोक्यावर येतो. खिडकी चार फूट उंच आणि तिच्या माथ्यालगत दोन फूट पुढे आलेला छज्जा असेल, तर एप्रिलच्या दुपारी संपूर्ण खिडकी सावलीत राहते आणि डिसेंबरच्या दुपारी खालच्या निम्म्या भागातून ऊन आत येते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सूर्य आपल्या बरोबर माथ्यावर येऊन पुढे उत्तरेला सरकतो, त्या दिवशी उभ्या काठीची सावली नाहीशी होते. मुले छज्जाखाली खडूने सावलीची रेघ आखतात आणि दर महिन्याला ती कशी सरकते हे वहीत उतरवतात. इमारतीचा असा शैक्षणिक उपयोग होईल, हे कार्यालयाच्या प्रस्तावात लिहिलेले होते. ते वाचताना मला शोभेचे वाक्य वाटले होते, पण ते खरे ठरले.

उत्तरेच्या खिडक्यांबाबत मात्र चूक झाली, आणि तिचे कारण समजून घेण्यासारखे आहे. उत्तरेकडून ऊन येत नाही, असे धरून तिथे छज्जा जेमतेम नऊ इंच ठेवला. वर्षातील बराच काळ हे गृहीतक चालते. पण आमच्याकडे एप्रिलमध्ये शाळा सकाळी सात वाजता भरते, आणि त्या दिवसांत सूर्य ठीक पूर्वेला न उगवता उत्तरेकडे सरकून उगवतो. सव्वाआठ वाजेपर्यंत तिरपे ऊन उत्तरेच्या खिडकीतून थेट फळ्यावर पडते आणि मागच्या बाकांवरच्या मुलांना अक्षर दिसत नाही. यावर आडवा छज्जा वाढवून उपयोग नव्हता. खिडकीच्या कडेला उभी पट्टी हवी होती. कार्यालयाने सूर्याचे कोन अचूक काढले होते, फक्त शाळा किती वाजता भरते हे आम्हाला विचारले नाही, आणि आम्हीही ते सांगितले नाही. आराखड्यात अकरा ते पाच ही वेळ गृहीत धरली होती. आता आम्ही त्या खिडक्यांना बांबूच्या उभ्या चौकटी बसवल्या आहेत. त्या दिसायला फार सुबक नाहीत, पण फळा दिसतो.

भिंतींची हकीकत जरा वेगळी आहे. नेहमीची भरीव वीटभिंत न बांधता विटा कडेवर उभ्या ठेवून आत पोकळी सोडण्याची, गवंडी ज्याला रॅट-ट्रॅप बाँड म्हणतात ती पद्धत वापरली. केरळात वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी ती रूढ केली. या पद्धतीत साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या पोकळीतील हवेमुळे बाहेरची धग आत यायला वेळ लागतो. आमच्या भागातील गवंड्यांनी हे काम आधी केले नव्हते. पहिली दोन आठवडे त्यांनी बांधलेल्या भिंती उतरवून पुन्हा बांधाव्या लागल्या, कारण सवयीने पोकळीत माल पडत होता. कार्यालयाचा एक तरुण अभियंता त्या काळात गावातच राहिला, गवंड्यांबरोबर सकाळी सातला कामावर उभा राहिला आणि त्याने नमुन्याची भिंत स्वतः रचून दाखवली. त्याच्या या सेवेचे मी मनापासून कौतुक करतो. त्या कामावर तयार झालेल्या दोन मिस्त्र्यांनी पुढे गावात अशाच भिंतींची घरे बांधली.

संचालक मंडळातील काही ज्येष्ठांना गिलावा न केलेली, विटा उघड्या दिसणारी भिंत पसंत नव्हती. पैसे संपले, असे लोक म्हणतील, ही त्यांची भीती होती. त्या बैठकीत मंडळातील एका वयोवृद्ध सदस्याने 1936 च्या फैजपूर काँग्रेसची आठवण काढली. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथल्या उभारणीत बांबूसारख्या साध्या, गावाकडच्या साहित्यातूनच शोभा आणली होती. आपल्या खानदेशात एवढे मोठे काम अशा साहित्यावर झाले, मग आपल्याला विटेची लाज का, असे त्यांनी विचारले आणि विषय तिथेच संपला.

पोकळीच्या भिंतीचा त्रास सुरू झाला तो वापरात आल्यावर. तिच्यात झिरी मारून वायर किंवा नळ नेता येत नाही आणि वाटेल तिथे खिळा ठोकता येत नाही. कार्यालयाने वायरिंगसाठी भरीव विटांचे उभे पट्टे ठेवले होते. परंतु पुढे कॅमेरे बसवायला आलेल्या कारागिराला ते कोणी सांगितले नाही, आणि त्याने यंत्राने सरळ भिंतीतून भोके पाडली. त्यांतून पोकळीत मुंग्या शिरल्या, एका ठिकाणी उंदरांनी घर केले. भरीव पट्टे कुठे आहेत हे दाखवणारा नकाशा आमच्याकडे होता. मुख्याध्यापकांच्या कपाटात, इंग्रजीत, गुंडाळी करून. आता प्रत्येक वर्गाच्या दाराआड त्या पट्ट्यांच्या जागी आम्ही रंगाची खूण केली आहे. हे काम उद्घाटनापूर्वी एका दुपारी झाले असते.

छताविषयी मी सर्वांत जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या अक्षांशावर एकमजली इमारतीचा उन्हाळा छतावर ठरतो. सूर्य माथ्यावर असताना भिंतींना ऊन तिरपे लागते, छताला मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत थेट लागते. आपले पूर्वज हे जाणून होते. खानदेशातील धाब्याच्या घरात लाकडी तुळयांवर मातीचा जाड थर असे, भिंती हातभर रुंद मातीच्या असत, आणि बाहेर कितीही तापले तरी आत दुपारची झोप लागत असे. माझे बालपण अशाच घरात गेले. पण त्या धाब्याला दरवर्षी पावसाळ्यापूर्वी खारी माती टाकून चोपावे लागे, आणि ते काम घरातील कोणीतरी न चुकता करत असे, हेही मला आठवते.

नव्या इमारतीत फिलर स्लॅब घातला आहे. स्लॅबच्या खालच्या भागात ताण सळई घेते, तिथले काँक्रीट केवळ जागा भरते. म्हणून सळयांच्या जाळीत मंगलोरी कौलांच्या जोड्या ठेवून तेवढे काँक्रीट वाचवतात. कौलांच्या जोडीत अडकलेली हवा उष्णतेला थोडा अटकाव करते आणि खालून पाहताना छताला कौलांची नक्षी दिसते. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि सर्वांत वर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीच्या तुकड्यांचा थर आहे. पांढरा रंग ऊन परत फेकतो, हे यातील मुख्य तत्त्व. पहिल्या वर्षी फरक इतका स्पष्ट होता की एप्रिलमध्ये पालक वर्गात येऊन बसत आणि छताकडे पाहत.

तिसऱ्या वर्षापर्यंत मात्र ते पांढरे छत मातकट झाले. आमच्याकडे फेब्रुवारीपासून शेतातली धूळ उडते, ज्वारी-बाजरीच्या मळणीचा भुसा वाऱ्यावर येतो आणि हे सारे गच्चीवर बसते. मळलेले छत ऊन परत फेकत नाही, ते शोषते. वर्ग पूर्वीइतके गार राहत नाहीत, अशी तक्रार शिक्षकांनी सुरू केली, तेव्हा आम्ही प्रथम कार्यालयाला दोष दिला. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, गच्ची शेवटची कधी धुतली? कोणीच धुतली नव्हती. आता होळी झाली की गच्ची घासून धुतो आणि तुकड्यांच्या सांध्यांवर चुन्याची पांढरी निवळी मारतो. धाब्याला माती टाकण्याची आणि या छताला चुना लावण्याची वेळ जवळपास एकाच ऋतूतली आहे, ही गोष्ट माझ्या आईने मला दाखवून दिली.

हवा खेळती ठेवण्याची रचना कागदावर सुंदर होती. खिडक्या समोरासमोर, आणि छताजवळ जाळीचे झरोके. धुळ्याच्या उन्हाळ्यात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठे अंतर असते. रात्री गार हवा आत घेऊन भिंती आणि छत थंड करायचे, आणि सकाळी नऊनंतर खिडक्या लावून ती थंडाई आतच राखायची, असे हे तंत्र आहे. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी याच्या बरोबर उलटे झाले. दिवसभर गरम वारा आत येत राहिला, आणि शाळा सुटली की चोरीच्या भीतीने सर्व खिडक्या घट्ट लावल्या गेल्या. दिवसाची धग रात्रभर आत कोंडून राहिली. शाळेचे शिपाई, ज्यांना आम्ही सर्वजण नाना म्हणतो, त्यांनी हे प्रथम ओळखले. ते रात्रीही शाळेच्या आवारातच राहतात. “सर, वर्गले बी रातले वारा लागू द्या,” असे ते मला म्हणाले, आणि मी विज्ञानाचा शिक्षक असूनही हे त्यांनी सांगेपर्यंत माझ्या लक्षात आले नव्हते.

खिडक्यांना आतून भक्कम गज होतेच. झरोक्यांच्या जाळीतूनही माणूस आत शिरू शकत नव्हता. भीती केवळ सवयीची होती. नानांनी रात्री नऊला खिडक्या उघडायच्या आणि सकाळी प्रार्थनेनंतर तासाभराने वर्गप्रमुखांनी लावायच्या, असा क्रम ठरला आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये वर्ग पुन्हा बसण्याजोगे झाले. एक अडचण राहिली. झरोक्यांची झडप जमिनीपासून दहा फुटांवर आहे आणि तिची कडी हाताने लावायची आहे. त्यासाठी शिडी लागते. रोज रात्री दहा वर्गांत शिडी फिरवण्याची अपेक्षा साठीला टेकलेल्या माणसाकडून करणे बरोबर नाही, म्हणून झरोके वर्षभर उघडेच राहतात. त्यांच्या बाहेरच्या कट्ट्यांवर पारव्यांनी घरटी केली. बारीक जाळी लावल्यावर पारवे गेले, पण जाळीत धूळ बसून वारा अडू लागला. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

हिवाळ्याचा विचार तर कोणीच केला नव्हता. खानदेश म्हणजे ऊन, हे समीकरण बाहेरच्यांच्या डोक्यात इतके पक्के आहे की धुळ्यात थंडीच्या लाटेत पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो, हे त्यांना सांगूनही पटत नाही. आमचे पाचवी ते सातवीचे वर्ग सकाळच्या सत्रात भरतात. जानेवारीत सव्वासात वाजता जाळीच्या व्हरांड्यात लहान मुले कुडकुडत उभी असलेली पाहून मला वाईट वाटले. व्हरांड्याच्या उत्तरेच्या जाळीला आता हिवाळ्यापुरत्या लाकडी फळ्या लावतो आणि प्रार्थना पूर्वेच्या उन्हात घेतो.

यानंतरचा विषय डिजिटल वर्गाचा आहे, आणि अशा इमारतीचा विचार करणाऱ्या प्रत्येक संस्थेने तो आधीच सोडवून ठेवला पाहिजे. आराखडे तयार होताना फळा आणि खडू एवढेच साधन डोळ्यांसमोर होते. खिडक्यांची मापे दिवसाच्या उजेडात, दिवा न लावता, वाचता यावे अशी ठरवली होती आणि ती योग्य होती. पुढे देणगीतून चार वर्गांत मोठे पडदे आणि प्रक्षेपक आले. पडद्यावरचे चित्र दिसावे म्हणून खिडक्यांना जाड कापड लावले गेले. कापडामुळे उजेड थांबला म्हणून दिवे लागले, वारा थांबला म्हणून पंखे पूर्ण वेगाने फिरू लागले, आणि त्या चार वर्गांपुरती सगळी रचना निरुपयोगी झाली. उपाय म्हणून आम्ही दोन गोष्टी केल्या. पडदा लावलेल्या भिंतीलगतची एकच खिडकी झाकायची आणि बाकीच्या उघड्या ठेवायच्या. आणि प्रक्षेपकाचा तास शक्यतो एकाच, उत्तरेकडील कोपऱ्याच्या वर्गात घ्यायचा. शिक्षकांना दुसरी गोष्ट गैरसोयीची वाटते, हे मी मान्य करतो.

विजेचा हिशेब समाधानकारक आहे. दहा वर्गांत चाळीस पंखे आहेत. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा साधारण 75 वॅट वीज घेतो, आम्ही बसवलेले बीएलडीसी (ब्रशविरहित मोटरचे) पंखे 30 वॅटच्या आसपास घेतात. म्हणजे चाळीस पंखे पाच तास चालले, तर रोज 9 युनिट वाचतात. गच्चीवर 5 किलोवॅटची सौर यंत्रणा आहे आणि एका किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरले, तर 20 युनिट मिळायला हवेत. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प असल्यामुळे आमच्या मुलांना सौर पॅनल ही नवलाईची गोष्ट नाही. त्यांना नवल वाटते ते याचे की भर उन्हाळ्यात पॅनल अपेक्षेपेक्षा कमी वीज देते. पॅनलची क्षमता 25 अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यापुढील प्रत्येक अंशाला ती सुमारे 0.4 टक्क्यांनी घटते; मेमध्ये पॅनलचा पृष्ठभाग 65 अंशांवर गेला, तर सोळा टक्के वीज तिथेच कमी होते. त्यावर धुळीचा थर बसला की आणखी घट होते. मे महिन्यात शाळेला सुटी असते, पण नेट मीटरिंगमुळे तेव्हाची शिल्लक वीज पुढच्या बिलांत वळती होते, त्यामुळे सुटीतही पॅनल धुणे फायद्याचे आहे. यंत्रणा पुरवणाऱ्या व्यावसायिकाने मात्र निराशा केली. इन्व्हर्टर बंद पडल्यावर दुरुस्तीसाठी तो कित्येक महिने आला नाही, आणि यंत्रणा बंद आहे हे आम्हालाही बिल वाढेपर्यंत समजले नाही. आता आठवीचे दोन विद्यार्थी दर सोमवारी मीटरचा आकडा फलकावर लिहितात.

पाण्याच्या बाबतीत एक गंभीर चूक झाली आणि ती महागात पडली. छताचे क्षेत्रफळ सुमारे 500 चौरस मीटर आहे. वर्षाला 600 मिलिमीटर पाऊस धरला आणि त्यातला पाचवा हिस्सा वाया गेला असे मानले, तरी 2 लाख 40 हजार लिटर पाणी हाती येते. पन्नास हजार लिटरची टाकी भरल्यावर उरलेले पाणी पुनर्भरण खड्ड्यात सोडायचे होते. तो खड्डा इमारतीच्या जोत्यापासून दहा फुटांवर खोदला गेला. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की भेगाळून आकसते. आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. दोन पावसाळे गेल्यावर त्या कोपऱ्यातल्या भिंतीला तिरकी तड गेली. पायाचे काम मुरूम भरून आणि नीट खोल नेऊन केले होते, म्हणून नुकसान तडेवरच थांबले. पण खड्डा बुजवून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, मुरमाचा थर वर आलेला आहे तिथे नवा घ्यावा लागला. आराखड्यात खड्ड्याची जागा कागदाच्या सोयीने ठरली होती, मातीचा छेद पाहून ठरली नव्हती. कार्यालयाने ही चूक लेखी मान्य केली आणि नव्या खड्ड्याचे मार्गदर्शन शुल्काविना केले, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

हात धुण्याचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून गाळून झाडांना देण्याची सोय उत्तम चालली होती, ती शालेय पोषण आहाराच्या भांड्यांचे पाणी त्यात सोडल्यावर तुंबली. तेलकट पाण्यासाठी आधी चरबी अडवणारी लहान टाकी हवी होती. ती बांधल्यापासून वाफा नीट आहे आणि आवारातली सीताफळे त्या पाण्यावर धरली आहेत.

पांझरेच्या खोऱ्यात राहणाऱ्या माणसाला फड पद्धती सांगायला नको. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाच्या पाण्यावर गावाने मिळून पिकवलेले फड, ही व्यवस्था शेकडो वर्षे चालली. बंधारे भक्कम होते यात शंका नाही, पण पाणी पाळीने सोडायला पाटकरी होता, पिकाची राखण करायला जागल्या होता, आणि त्यांचा मोबदला गावाने आधीच ठरवलेला होता. आमच्या शाळेच्या इमारतीत बंधारा बांधला गेला आणि पाटकरी नेमायचे राहून गेले. कार्यालयाने सोपवलेल्या जाडजूड फाइलमध्ये प्रत्येक दाराचे माप होते. खिडक्या कोणी, किती वाजता उघडायच्या, गच्ची कधी धुवायची, गाळणीतली वाळू केव्हा बदलायची, हे त्यात कुठेच नव्हते. ही माझी या सेवेबद्दलची सर्वांत मोठी तक्रार आहे. उद्घाटनानंतर पहिले संपूर्ण वर्ष त्यांचा माणूस तीन ऋतूंत तीनदा जरी येऊन गेला असता, तरी वर लिहिलेल्यांपैकी निम्म्या गोष्टी तेव्हाच सुधारल्या असत्या.

आता ती फाइल कपाटात आहे आणि शाळेच्या कार्यालयाच्या भिंतीवर एक मराठी तक्ता आहे. त्यात बारा महिने आणि प्रत्येक महिन्यापुढे काम व करणाऱ्याचे नाव आहे. नानांच्या कामाच्या यादीत हे काम रीतसर जोडले, आणि त्यासाठी संस्थेकडून त्यांना दरमहा वेगळे मानधन मंजूर करून घेतले. हा ठराव मंजूर व्हायला सौर यंत्रणेच्या ठरावापेक्षा जास्त वेळ लागला, हे मला आजही खटकते.

टाळेबंदीच्या काळात नाना आजारी होते आणि इमारत बंद होती. शाळा पुन्हा उघडली तेव्हा झरोक्यांत पारवे, पॅनलवर धुळीचा जाड थर, कर्दळीचा वाफा वाळलेला आणि दोन दारांच्या चौकटींना वाळवी, असे चित्र होते. दिशा, छज्जे आणि भिंती मात्र होत्या तशाच काम करत होत्या. यावरून पुढच्या बांधकामात खर्चाचा क्रम कसा लावायचा हे आम्ही ठरवले आहे. दिशा, सावली, छत आणि जोते यांवर आधी पैसा. पंप, झडपा, यंत्रे यांवर नंतर, आणि तेही सांभाळणारा माणूस ठरल्यावरच.

हेच कार्यालय पुन्हा निवडावे का, असा प्रश्न ग्रंथालय आणि प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टप्प्याच्या वेळी आला. मी होय असे मत दिले, तीन अटी घालून. आराखड्यापूर्वी शाळेचे वर्षभराचे वेळापत्रक लेखी घ्यायचे, मातीची तपासणी खड्ड्यांच्या जागेसह करायची, आणि त्यांच्या मुख्य वास्तुविशारदांनी एप्रिलमध्ये दोन दिवस शाळेत येऊन राहायचे. त्यांनी तिन्ही मान्य केल्या. गेल्या एप्रिलमध्ये ते आले, दुपारी दोन वाजता सातवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसले, दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला उत्तरेच्या वर्गात फळ्यावरचे ऊन पाहिले. रात्री नऊला ते नानांबरोबर खिडक्या उघडायला गेले. सहाव्या वर्गात नानांनी शिडी भिंतीला टेकवली, तेव्हा ती त्यांनी स्वतः धरली, आणि नंतर स्वतः चढून झरोक्याची कडी लावून पाहिली. ग्रंथालयाच्या नव्या आराखड्यात झरोक्याची झडप खालून दोरीने उघडते, आणि दोरी बांधायचा खुंट जमिनीपासून चार फुटांवर दाखवला आहे.